मिलचा स्क्रेपर, टॅक्सीचे इंजिन

टॅक्सी मंगळवेढ्याहून परत येत असताना इंजिनातून आवाज सुरू झाला. सपाटीला तो नीट कळत नव्हता. चढ लागला आणि ॲक्सिलरेटर दाबला, की खालून कोणी लाकडी मोगरीने ठोकत असल्यासारखे ठक-ठक ऐकू येई. पाय उचलला की थांबे. टॅक्सीवाल्याने उरलेला रस्ता सावकाश कापला, उतारू स्टँडवर सोडले आणि गाडी आमच्या दारात आणून उभी केली. इंजिन चालूच ठेवून त्याने खिडकीतून हाक मारली, "काका ओ, जरा बाहेर या की. लई वाजायलंय."

काका म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले बंधू. सोलापुरातल्या एका कापडाच्या मिलमध्ये ते फिटर होते. सत्तरच्या दशकाचा मध्य होता. मी एका स्थानिक दैनिकात संध्याकाळच्या पाळीला काम करत असे आणि काका-काकूंकडे राहत असे. काकांची पाळी पहाटेची, त्यामुळे दुपारी आम्ही दोघेही घरी असू.

ते जेवणावरून उठून आले. बॉनेट उघडून त्यांनी लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक इंजिनाच्या अंगाला टेकवले आणि मुठीला कान लावला. मग फडक्याने धरून एकेका प्लगची वायर काढून पाहिली. पहिली काढली, आवाज तसाच. दुसरी, तसाच. तिसरी काढली तेव्हा ठोका बुजला.

"तीन नंबर," काका म्हणाले. "बेरिंग गेलंय."

"कुटलं?"

"पिस्टनपासनं खाली एक दांडा येतोय, कनेक्टिंग रॉड. त्येचं खालचं तोंड क्रँकला, खालच्या फिरत्या शाफ्टाला, धरतंय. तितलं बेरिंग झिजलं, जागा पडली. आता दर फेऱ्याला दांडा आपटायलाय."

"आन तसंच चालवलं तर?"

"तर एक दिवस दांडाच इंजन फोडून बाहेर यील, तुला राम राम करायला."

टॅक्सीवाल्याने इंजिन बंद केले.

तो आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहत असे. घर विणकरांचे, घरातली भाषा तेलुगू. वडील आणि भाऊ हातमागावर होते. याने मात्र मागातला आपला हिस्सा भावांना देऊन जुनी टॅक्सी घेतली होती. काकांशी त्याची ओळख मिलमुळे नव्हती, मोटारीमुळेही नव्हती. दोघे एकाच टपरीवर चहा घेत, एवढीच. काका मिलच्या ट्रकचे ब्रेक, क्लच, प्लग ही कामे करतात हे त्याला माहीत होते. मोटारीचे इंजिन त्यांनी आतपर्यंत कधी उघडले नव्हते. ते त्याला माहीत नव्हते आणि काकांनी सांगितले नाही.

न सांगण्याला कारण होते. टॅक्सी स्टँडला लागून पत्र्याची एक शेड रिकामी पडली होती. पूर्वी तिथे सायकली दुरुस्त होत. शेडचा मालक टॅक्सीवाल्याच्या नात्यातला होता आणि त्याचे म्हणणे एवढेच होते की स्टँडवाले ज्याला मिस्त्री म्हणून मानतील त्याला शेड द्यायची. उगाच कोणी येऊन महिन्याभरात कुलूप लावून गेलेले त्याला नको होते. स्टँडची स्वतःची एक रीत होती. नव्या मिस्त्रीकडे आधी एकच गाडी जायची. बाकीचे ड्रायव्हर थांबत, बघत. ती गाडी नीट पळाली तर हळूहळू सगळ्या जात. नाही पळाली तर तो मिस्त्री स्टँडपुरता संपला.

काकांना ती शेड हवी होती, कारण मिलमधले त्यांचे काम संपत आले होते.

त्यांचे काम काय होते ते सांगायला हवे. पूर्वी मिलमध्ये छताखालून एक लांब शाफ्ट फिरत असे आणि त्यावरून पट्ट्यांनी मागांना गती मिळे. तो शाफ्ट ज्या बेरिंगांवर फिरे, त्यांत पांढरा धातू वितळवून ओतत. ओतलेला धातू बोटभर जाड आणि खडबडीत असे. तो शाफ्टला नेमका बसावा म्हणून हाताने खरवडावा लागे. शाफ्टला तेलात कालवलेल्या शेंदराचा पातळ हात द्यायचा, बेरिंग चढवून शाफ्ट फिरवायचा, बेरिंग उतरवून बघायचे. जिथे शेंदूर लागला तो उंचवटा. तेवढाच स्क्रेपरने काढायचा. पुन्हा शेंदूर, पुन्हा फिरवणे, पुन्हा खरवडणे. सगळ्या अंगावर शेंदराचे ठिपके सारखे उठले की बेरिंग बसले. हे काम घाईच्या माणसाचे नव्हे. काकांनी बसवलेले बेरिंग गरम होत नाही, असे मिलमध्ये मानले जाई आणि दुसऱ्या मिलमधूनही त्यांना बोलावणे येई. त्यांचा स्क्रेपर जुन्या कानशीला धार लावून केलेला होता. बाकीची हत्यारे मिलची. हे एक त्यांचे स्वतःचे. खंडेनवमीला ते घरच्या देवांपुढे असे.

मग मिलने प्रत्येक मागाला वेगळी विजेची मोटार बसवायला सुरुवात केली. शाफ्ट खाली आला. मोटारींना बॉल बेरिंग होती. ती घालायची आणि खराब झाली की टाकून द्यायची. धातू ओतायची भट्टी बंद झाली. वर्कशॉपमधली माणसे कमी करणार हे तोंडी कळवण्यात आले. काकांचे नाव त्यांत असणार हे सगळ्यांना ठाऊक होते. निवृत्तीला त्यांची बरीच वर्षे उरली होती.

म्हणून टॅक्सी दारात आली तेव्हा काका म्हणाले, "ठेव हितंच. करतो."

घरापुढच्या मोकळ्या जागेत रेल्वेचे जुने स्लीपर टाकून गाडी उचलून घेतली. काकांनी तेल सोडले. काळ्या तेलात बारीक सोनेरी कणी चमकत होती. काकांनी ती दोन बोटांत चोळून पाहिली आणि टॅक्सीवाल्याला दाखवली.

"सोनं निघालं की," टॅक्सीवाला म्हणाला.

"बायकोला सांगू नकोस."

मग इंजिनाच्या खालचे चेंबर उतरवले. आता गाडीखाली उताणे पडून वर पाहिले की क्रँक आणि त्याला धरलेले चार दांडे दिसत. प्रत्येक दांड्याच्या तोंडाला दोन बोल्टांनी आवळलेली टोपी. कोणती टोपी कोणत्या दांड्याची आणि कोणत्या अंगाने बसलेली, हे पुढे चुकू नये म्हणून काकांनी उघडण्याआधीच पंचने ठिपके मारले: पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन, असे. मग बोल्ट सोडले. टोपीत आणि दांड्यात बेरिंगची एकेक अर्धगोल वाटी असते. दोन्ही मिळून क्रँकच्या पिनीला वेढतात. तिसऱ्याच्या वाट्या तांब्यासारख्या लाल झाल्या होत्या आणि एका कडेला पापुद्रा सुटला होता. बाकीच्याही झिजल्या होत्या, पण इतक्या नव्हे.

वाट्या नव्या मिळतात. प्रश्न क्रँकच्या पिनींचा होता. त्यांवर ओरखडे असतील किंवा त्या झिजून लंबगोल झाल्या असतील, तर क्रँक बाहेर काढून घासून घ्यावा लागतो आणि त्या मापाच्या जाड वाट्या आणाव्या लागतात. मापायला मायक्रोमीटर लागतो. तो क्रँक ग्राइंडिंगच्या दुकानदाराकडे होता. काका मागायला गेले, तर त्याने दिला नाही.

"मायक्रोमीटर मैं किसी को देता नै, काकाजी. मैं खुद आता."

तो खरोखरच आला. पांढरी दाढी, पांढरा लेंगा, आणि त्या पांढऱ्या कपड्यांनिशी सरळ गाडीखाली शिरला. चारही पिनी आडव्या-उभ्या मापून बाहेर आला. कपड्यावर एक डाग नव्हता.

"पिनां सब बराबर हैं. क्रँक निकालना नक्को. स्टँडर्ड माप के नये बेरिंग डालो, कसो, चलाओ."

"बस?" काकांनी विचारले.

"बस. और क्या?"

तो चहा घेऊन गेला. तो गेल्यावर काका म्हणाले, "डालो, कसो, चलाओ. ह्येला काय फिटिंग म्हंत्यात?"

नव्या वाट्या दोन दिवसांनी पुण्याहून आल्या. कंपनीच्या डब्यात, मेणकागदात गुंडाळलेल्या, हाताला गुळगुळीत, रंगाने शिशासारख्या करड्या. पाठ पोलादाची. आतल्या अंगाला आधी तांब्याच्या मिश्रधातूचा एक थर, आणि त्यावर त्याहून मऊ धातूचा एक अगदी पातळ थर, केसाहूनही पातळ. हे सगळे मला पुढे कळले. त्या दिवशी आमच्यापैकी कोणालाही हे माहीत नव्हते. काकांना दिसला तो बेरिंगचा ओळखीचा करडा रंग. पांढरा धातू, असे ते मनाशी समजले. जाडी कमी एवढेच.

काकू दुकानातून शेंदराची पुडी घेऊन आल्या. "मारुतीला तेल घालायला सवड न्हाय, आन मोटारीला शेंदूर!" असे म्हणून त्यांनी पुडी चाकापाशी ठेवली.

काकांनी पहिल्या पिनीला शेंदराचा हात दिला, वाट्या घालून टोपी आवळली, मला पुढून हँडल फिरवायला सांगितले, टोपी सोडली आणि वाटी उजेडात धरली. एका कडेला शेंदूर दाट लागला होता, मधे मुळीच नव्हता. त्यांनी स्क्रेपर घेतला.

टॅक्सीवाला शेजारी उकिडवा बसला होता. "नवं हाय की हे. खरवडायलाव कशापाई?"

"नवी वहाण चावती का न्हाय?"

"चावती."

"मग? पायाच्या मापाची करून घ्यावी लागती. तुमी मागावर नवं सूत लावलं की लगेच धोटा फेकता व्हय? आधी ताण बघता की न्हाय?"

हे टॅक्सीवाल्याला पटले. मलाही पटले. तिथे दुसरे कोणी असते तर त्यालाही पटले असते, कारण काकांचा हात त्या वेळी बघण्यासारखा चालत होता. स्क्रेपरच्या टोकावर धातूची भुकटी जमे, ते फुंकरीने उडवत, पुन्हा शेंदूर लावत. गल्लीतले दोघे-तिघे येऊन उभे राहिले. पहिल्या वाट्या बसल्या. दुसऱ्या बसल्या. तिसऱ्यांना सर्वांत जास्त वेळ लागला. चौथ्या दांड्याची टोपी उघडली तेव्हा शेंदूर पहिल्याच खेपेला सगळीकडे एकसारखा उठला होता. काकांनी त्या वाट्या फडक्याने पुसल्या आणि म्हणाले, "ह्येला नको. हे आईच्या पोटातनंच बसून आलंय."

सगळ्या वाट्या धुतल्या, तेल लावले, टोप्या ठिपक्यांप्रमाणे चढवल्या, चेंबर बसवले, नवे तेल भरले. दुसऱ्या दिवशी दुपारी इंजिन सुरू केले. ठोका गेला होता. टॅक्सीवाल्याने ॲक्सिलरेटर दाबला, सोडला, पुन्हा दाबला. काकांनी मुठीला कान लावला आणि मान हलवली. टॅक्सीवाल्याने नारळ फोडला, खोबरे गल्लीत वाटले आणि रिकामी गाडी टेंभुर्णीपर्यंत नेऊन आणली. परत आल्यावर त्याने शेडच्या मालकाला निरोप धाडला की घाई करू नका, पण दुसऱ्या कुणाला देऊही नका.

पुढचे काही आठवडे काका पाळीवरून येताना स्टँडवरून येत. रस्ता लांबचा पडे. टॅक्सी उभी असली तर ते तिच्याजवळ थांबत नसत. टपरीवर चहा घेत आणि ती निघताना ऐकत. त्या दिवसांत त्यांनी शेडमध्ये कुठे काय ठेवायचे हेही घरी बोलून दाखवले. खड्डा मागच्या भिंतीला, बाक खिडकीखाली. काकू म्हणत, "आधी इंजन तरी चालू दे." काका म्हणत, "चालायलंय की."

दिवाळीच्या आधी ते वाजू लागले.

या वेळी टॅक्सीवाला घरी आला नाही. त्याने गाडी स्टँडवर उभी केली आणि काकांना निरोप पाठवला. मी घरीच होतो, बरोबर गेलो. आठ-दहा ड्रायव्हर गाडीभोवती होते. स्टँडवरच्या सर्वांत जुन्या ड्रायव्हरने, टेंभुर्णीकडचा होता तो, आम्हाला बघून विचारले, "काका, मिलचा भोंगा झाला का? न्हाय, इंजन वाजायलंय म्हनून इचारतो."

लोक हसले. काकांनी शर्ट काढून खुंटीला अडकवावा तसा गाडीच्या आरशाला अडकवला आणि म्हणाले, "स्लीपर आना."

चेंबर तिथेच उतरवले, शेडच्या दारात, सगळ्यांच्या देखत. काकांनी टोप्या सोडल्या आणि वाट्या एकेक करून बाहेर दिल्या. टॅक्सीवाल्याने त्या पोत्यावर ओळीने मांडल्या. काही आठवड्यांपूर्वी करड्या असलेल्या वाट्या लाल झाल्या होत्या. तिसरीच्या अंगाला खोल चरे होते. दुसरी तशीच. पहिली थोडी बरी, पण लालच.

"डुप्लिकेट माल आलाय," टॅक्सीवाला म्हणाला. तो हे काकांकडे बघून म्हणाला. "पुण्यासनं मागवलं की असंच. वरनं डब्बा कंपनीचा, आत काय घालतेत कुणाला ठावं."

दोघा-तिघांनी माना डोलावल्या. त्या काळी नकली सुट्या भागांचा सुळसुळाट होता. प्रत्येकाकडे अशी एक हकिकत होती आणि एकाने आपली सांगायला सुरुवातही केली. गोष्ट तिथेच मिटली असती. माल वाईट होता, मिस्त्रीचा दोष नव्हता, शेडचे पुढे बघू.

तेवढ्यात काकांनी गाडीखालून चौथ्या दांड्याच्या वाट्या दिल्या. टॅक्सीवाल्याने त्या ओळीत ठेवल्या. त्या करड्या होत्या. नव्या आल्या होत्या तशाच, थोडी चकाकी आलेली, एक चरा नाही.

"हे एकच कसं काय चांगलं?" जुन्या ड्रायव्हरने विचारले. "डुप्लिकेटच्या डब्ब्यात वरिजनल घातलं व्हय कुणी?"

काका गाडीखालून बाहेर आले. पोत्याजवळ बसले. लाल वाटी उचलली, ठेवली, करडी उचलली. दोन्ही उजेडात शेजारी-शेजारी धरल्या. ज्याची हकिकत अर्धी झाली होती तो पुढे सांगू लागला, तर टॅक्सीवाल्याने त्याला हाताने थांबवले.

"माल डुप्लिकेट न्हाय," काका म्हणाले. "सगळा एकाच डब्ब्यातला हाय. ह्या तिनीला मी स्क्रेपर मारला. ह्येला हात लावला न्हाय. हात लावला न्हाय तेवढंच वाचलं."

कोणी हसले नाही. कोणाला तरी ग्राइंडिंगच्या दुकानात पाठवले होतेच, कारण पिनी पुन्हा मापाव्या लागणार होत्या. दुकानदार आला. त्याने आधी पोत्यावरची ओळ पाहिली, मग काकांच्या पेटीतला स्क्रेपर.

"आपने खुरचा?"

"व्हय."

"काकाजी, घर में पितल के बर्तन को कल्हई रहती ना?"

"रहती."

"नया कल्हई किया हुआ बर्तन चाची ने राख और वाळू ले के रगड दिया, और उस में ताक रख दिया. क्या होता?"

"कळकतं," काका म्हणाले.

"हौ. ये ऊपर का जो है ना, वो कल्हई है. बेरिंग वो ही है. नीचे तो खाली बर्तन है."

काकांनी करडी वाटी पुन्हा हातात घेतली. अंगठ्याचे नख तिच्या कडेला हलके दाबून पाहिले आणि लगेच काढून घेतले. "एवढुसाच थर?"

"इतना इच."

"आन मग बसवायचं कसं?"

"बैठाने का काम कारखाने में हो के आता, काकाजी. हमारा काम सिर्फ नै बिगाडने का."

मोटारीच्या मिस्त्रीने ही चूक केली नसती. त्याला स्क्रेपर धरताच आला नसता. ही चूक करायला आधी मिलच्या वर्कशॉपमध्ये उमेदवारी करावी लागते आणि हात तयार व्हावा लागतो. ही गोष्ट त्या वेळी कोणी बोलले नाही. मला ती बरीच नंतर सुचली.

पिनी मापल्या. या वेळी दोन खराब निघाल्या. क्रँक बाहेर काढून घासणे भाग होते. म्हणजे इंजिन उतरवायचे, टॅक्सी काही दिवस बंद. ड्रायव्हरांत बोलणे सुरू झाले की आता गाडी कुर्डुवाडीला न्यावी, तिथे रेल्वेच्या वर्कशॉपमधला एकजण बाहेरची कामे करतो. किंवा ग्राइंडिंगवाल्याच्याच ओळखीच्या मिस्त्रीला द्यावी. काका हत्यारे पेटीत भरत होते. त्यांनी कोणाला अडवले नाही, मला एक संधी द्या असेही म्हटले नाही. आरशावरचा शर्ट काढून त्यांनी अंगात घातला.

टॅक्सीवाला सगळ्यांचे ऐकत होता. मग म्हणाला, "ह्या स्टँडावर मी मिस्त्री काय कमी बघितले? एक म्हनला तेल वाईट. एक म्हनला ड्रायव्हर वाईट. एकानं तर रस्त्यालाच शिव्या घातल्या. मिस्त्री वाईट म्हनलेला मिस्त्री हाच पैला." आणि काकांकडे वळून, "शर्ट काढा की ओ. कुटं निघालाव? इंजन उतरवायला दुसरा कोन येनार हाय?"

"आन पुन्हा बिघडलं तर?" जुना ड्रायव्हर म्हणाला.

"तर पुन्हा सांगतील की, मी बिघडवलं म्हनून. कळंल तरी."

यावर मात्र लोक हसले. काका हसले नाहीत. त्यांनी शर्ट काढला.

इंजिन शेडमध्ये उतरवले. शेडच्या मालकाला त्या दिवशी विचारले नव्हते; ते नंतर विचारले. क्रँक ग्राइंडिंगला गेला. चारही पिनी एका मापाला आणल्या गेल्या आणि त्या मापाच्या वाट्या मागवल्या. खर्च काकांनी उचलला; त्यावर चर्चा झाली नाही. क्रँक परत आला तेव्हा काकांनी त्यातली तेलाची भोके तारेने आणि रॉकेलने धुतली, ग्राइंडिंगची कणी आत राहू नये म्हणून. हे त्यांना दुकानदाराने सांगितले होते. त्याने सांगितलेले त्यांनी सगळे केले, आणि त्याच्या सांगण्यातून काही राहून गेले का, हे विचारायला ते दोनदा दुकानात जाऊन आले.

वाट्या बसवायच्या दिवशी शेंदूर आणला नव्हता. मेणकागद उघडून वाटी धुतली, दांड्यात बसवली, तेल लावले, टोपी ठेवली, बोल्ट आवळले. एका दांड्याला जेवढा वेळ पूर्वी लागे, तेवढ्यात चारही झाले. काम संपल्यावर काका बराच वेळ तिथेच बसून राहिले. हाताला काही राहिले नव्हते. टॅक्सीवाल्याने विचारले, "झालं?" तर म्हणाले, "झालं म्हंत्यात."

इंजिन लागले, चालले. पहिले काही दिवस टॅक्सीवाल्याने ते जोरात पळवले नाही. संक्रांत गेली, शिमगा गेला, उन्हाळा लागला. अक्कलकोट, मंगळवेढा, टेंभुर्णी, सगळीकडे ती गाडी गेली आणि आली. मधल्या काळात मिलने काकांना मोकळे केले.

स्टँडवरच्या सगळ्या गाड्या काकांकडे आल्या असे झाले नाही. जुना ड्रायव्हर शेवटपर्यंत आला नाही. तो कुर्डुवाडीलाच जात राहिला आणि जाता-येता काकांकडे तंबाखू मागत राहिला. काहीजण ब्रेक आणि क्लचसाठी येत, इंजिनासाठी नाही. पण येत. उन्हाळा संपायच्या आत शेडच्या मालकाने किल्ली दिली.

पाटी रंगवायला चौकातला पेंटर आला. त्याला मोठी अक्षरे काढायची हौस होती. पत्र्यावर खडूने आखून त्याने मजकूर सुचवला: वर मधोमध 'बेरिंग स्पेशालिस्ट', खाली 'मिलचे अनुभवी फिटर', आणि दोन्ही बाजूंना दातेरी चाके.

"ते पुसा," काका म्हणाले.

"काय पुसू?"

"सगळंच. 'मोटार दुरुस्ती' एवढंच लिवा."

पेंटरचा हिरमोड झाला. "काका, एवढा मोठा पत्रा हाय. रिकामा दिसंल की."

"दिसू दे," काका म्हणाले, आणि दारात आलेल्या गाडीचे बॉनेट उघडायला गेले. तिचा पंख्याचा पट्टा तुटला होता.